कृती अहवालाच्या आड

१९५८च्या जानेवारीत मुंबईत एका चौकशीच्या सुनावणीला इतकी गर्दी होऊ लागली की बाहेरच्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे एकसदस्य आयोग म्हणून बसले होते. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटींच्या आसपास रक्कम कोणाच्या सांगण्यावरून गुंतवली, एवढाच प्रश्न होता. सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई फिरोज गांधी यांनी तो लोकसभेत उपस्थित केला होता. देशाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि त्यांचे सचिव एच. एम. पटेल या दोघांनाही छागलांपुढे उत्तरे द्यावी लागली. सारे काम महिन्याभराच्या आत उरकले. सचिवाने केलेल्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असे अहवालाने बजावले आणि फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

हा दाखला आधी देण्याचे कारण असे, की ‘चौकशी आयोग नेमला आहे’ हे वाक्य आज ऐकले की लोकांना प्रकरण उघडल्यासारखे वाटत नाही, मिटल्यासारखे वाटते. विरोधक ‘सरकार प्रकरण दडपत आहे’ म्हणतात, सरकार ‘दूध का दूध होईल’ म्हणते, आणि मग वर्षे जातात. महाराष्ट्रातील गेल्या साठ वर्षांची मोठी प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दडपादडपी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गहाळ फाईल येते, जळालेले दप्तर येते. प्रत्यक्षात त्याची गरज क्वचितच पडते. चौकशी कशाची करायची, किती काळ चालू द्यायची आणि अहवाल सभागृहात कधी व कोणत्या टिप्पणीसह ठेवायचा, हे तिन्ही निर्णय कायद्याने सरकारच्याच हाती दिले आहेत. ज्याच्याकडे बोट दाखवले जात आहे, त्याच्याच हाती.

हा कायदा १९५२चा. त्याखाली नेमलेल्या आयोगाला साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रे मागवता येतात, शपथेवर जबाब घेता येतो. पण निकाल देता येत नाही. रामकृष्ण दालमिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८मध्येच स्पष्ट केले की आयोगाचा अहवाल म्हणजे शिफारस; ती सरकारवर बंधनकारक नाही. आयोगापुढे दिलेला जबाब त्या माणसाविरुद्ध खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, फक्त खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा तेवढा चालवता येतो. या तरतुदीला अर्थ आहे, कारण तिच्यामुळे माणसे मोकळेपणी बोलतात. पण तिचा परिणाम असाही होतो की आयोगाने पाच वर्षे खपून जे शोधले ते पोलिसांना पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.

१९७१च्या दुरुस्तीने एक चांगली गोष्ट झाली. अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो सरकारने केलेल्या कार्यवाहीच्या निवेदनासह, म्हणजे ज्याला आपण कृती अहवाल म्हणतो त्यासह, विधिमंडळाच्या पटलावर ठेवणे बंधनकारक झाले. मात्र सहा महिने उलटले तर काय, याबद्दल कायद्यात एक शब्दही नाही. शिक्षा नाही, दंड नाही, अहवाल आपोआप खुला होण्याची सोय नाही. दिल्लीने तर १९८६मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. इंदिरा गांधी यांच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाचा अहवाल संसदेपुढे आणावा लागू नये म्हणून देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन अहवाल रोखून धरण्याचा अधिकार सरकारने स्वतःला घेतला. १९८९मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने अहवालातील मजकूर छापल्यावर तो सभागृहात ठेवावा लागला आणि १९९०मध्ये ती तरतूदही रद्द झाली.

पुणेकरांना हे सारे पानशेतपासून ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी अंबी नदीवरचे मातीचे धरण फुटले आणि दुपारपर्यंत खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. पानशेतचे काम अजून पूर्ण झालेले नव्हते. धरणाला धोका आहे हे आदल्या दिवशी कळलेले होते, लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. मग अपुऱ्या धरणात त्या पावसाळ्यात पाणी का अडवले, आणि नदीकाठच्या पेठांना वेळेवर सावध का केले नाही, हे दोन प्रश्न शहराने विचारले. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला. काम सुरू असतानाच ऑगस्टमध्ये बावडेकरांनी आत्महत्या केली. पुढे न्यायमूर्ती व्ही. ए. नाईक यांनी चौकशी पूर्ण केली. बावडेकरांच्या मृत्यूचे अर्थ पुण्यात पिढ्यान् पिढ्या लावले गेले. त्यांतला कोणताही पुराव्याने सिद्ध झालेला नाही, आणि मला त्यांत भर घालायची नाही. पण मृतांच्या आकड्यावर एकमत होऊ शकले नाही, आणि संशय इतकी वर्षे टिकून राहिला, याचा अर्थ शहराचे समाधान होईल असे उत्तर राज्याने कधी दिले नाही. एखादी गोष्ट दडपली गेली की नाही हे सिद्ध होवो न होवो, लोकांना ती दडपली असे वाटत राहणे हेही राज्यकारभाराचे अपयशच आहे.

यानंतरच्या दोन प्रकरणांत न्यायमूर्ती एकच आहेत. ती जवळून पाहायला हवीत, कारण सत्य बाहेर येते ते कोणत्या वाटेने, हे त्यांतून कळते.

१९८१ साली सिमेंटवर नियंत्रण होते. मुंबईत बांधकाम करायचे तर सिमेंटचा कोटा मिळवावा लागे आणि तो देणे-न देणे मंत्रालयाच्या हाती होते. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढले होते आणि बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या तिकडे जात होत्या. ३१ ऑगस्टला अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये हा व्यवहार उघड केला. सरकारने आरोप फेटाळले. येथे आयोग नेमला गेला असता तर काय झाले असते याचा अंदाज करता येतो. तसे झाले नाही. जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी थेट उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी कोट्याच्या आणि देणग्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवून पाहिल्या आणि १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला की सिमेंटचे वाटप देणग्यांच्या बदल्यात झाले आहे. अंतुले पायउतार झाले. पुढचा फौजदारी खटला मात्र कायद्याच्या गुंतागुंतीत फिरत राहिला. खटल्याला मंजुरी लागते का, तो कोणत्या न्यायालयात चालवायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाची घटनापीठे बसली, १९८४चा आदेश १९८८मध्ये त्याच न्यायालयाने मागे घेतला आणि १९९५मध्ये अंतुले केंद्रात आरोग्यमंत्री झाले. राजीनामा साडेचार महिन्यांत मिळाला. फौजदारी न्यायाला तो वेग कधी लाभला नाही.

त्या निकालानंतर चारच वर्षांनी, जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. डोळ्याच्या किंवा मेंदूच्या भागातला दाब कमी करण्यासाठी दिले जाणारे हे साधे औषध, पण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. या वेळी लेंटिन आयोग म्हणून बसले. त्यांनी चौकशी त्या एका पिंपापाशी थांबवली नाही. रुग्णालयाने औषध कोणत्या दराने आणि कोणत्या तपासणीवाचून घेतले, अन्न व औषध प्रशासनाने निकृष्ट माल करणाऱ्यांचे परवाने का चालू ठेवले, कारवाई करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांवर वरून दबाव कोणाचा होता, असे करत ते मंत्र्यांच्या दालनापर्यंत गेले. १९८७च्या अखेरीस आलेल्या अहवालाने सार्वजनिक आरोग्यमंत्री भाई सावंत आणि आधीचे मंत्री बळीराम हिरे यांच्यावर कडक ताशेरे ओढले. सावंतांना पद सोडावे लागले. महाराष्ट्राच्या आजवरच्या चौकशी अहवालांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एका न्यायमूर्तीने मनावर घेतले तर सरकारने आखून दिलेल्या कार्यकक्षेतूनही किती दूरवर जाता येते, हे त्याने दाखवले. सरकारेही त्यातून काही शिकली असावीत. यानंतर कार्यकक्षेची भाषा अधिक जपून लिहिली जाऊ लागली असे अनेक आयोगांच्या अधिसूचना वाचताना जाणवते.

मुदतीचे आणि कार्यकक्षेचे हत्यार किती उघडपणे वापरता येते याचे उदाहरण श्रीकृष्ण आयोग. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबईतील दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. २५ जानेवारी १९९३ रोजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. पाचशेहून अधिक साक्षी, दोन हजारांहून अधिक प्रतिज्ञापत्रे असे काम चालले होते. १९९५मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि २३ जानेवारी १९९६ला, आयोगाला तीन वर्षे पूर्ण होत असताना, त्याने आयोगच गुंडाळला. कायद्यात तशी सोय आहे: आयोग पुढे चालवण्याची गरज नाही अशी अधिसूचना काढली की तो संपला. देशभर टीका झाली, अटलबिहारी वाजपेयी यांनी आपल्या तेरा दिवसांच्या पंतप्रधानपदाच्या काळात सल्ला दिला आणि २८ मे रोजी आयोग पुन्हा उभा राहिला. पण त्याच्या कार्यकक्षेत १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांचाही समावेश झाला. दंगल आणि स्फोट यांचा संबंध तपासणे गैर नव्हते. तरीही चौकशी निम्म्याहून अधिक झालेली असताना तिचा विषय बदलला गेला, ही गोष्ट उरतेच.

अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ला सादर झाला आणि ६ ऑगस्टला, सहा महिन्यांची मुदत दहा दिवसांवर आलेली असताना, पटलावर आला. सोबतच्या कृती अहवालात मनोहर जोशी सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष एकतर्फी म्हणून नाकारले. ज्या अहवालात शिवसेनेच्या नेतृत्वाच्या भूमिकेवर आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या वर्तनावर निष्कर्ष होते, तो स्वीकारायचा की नाही हे शिवसेनेचे मुख्यमंत्री ठरवत होते. १९९९मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस ‘श्रीकृष्ण अहवालाची अंमलबजावणी’ हे आश्वासन देऊन सत्तेवर आली. विशेष पथक नेमले गेले. माजी पोलीस आयुक्त आर. डी. त्यागी यांच्यावर सुलेमान उस्मान बेकरीतील गोळीबाराबद्दल आरोपपत्र दाखल झाले, २००३मध्ये ते आरोपमुक्त झाले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तेच कायम राहिले. शिवसेनेचे नेते मधुकर सरपोतदार यांना प्रक्षोभक भाषणाबद्दल २००८मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. नाव घेण्यासारखे निकाल इतकेच. ज्यांनी अहवाल नाकारला आणि ज्यांनी तो स्वीकारला, त्यांच्या राजवटीतील फरक पीडितांच्या दारापर्यंत फारसा पोहोचला नाही.

गोवारी समाजाच्या बाबतीत वेगळाच पेच आहे. २३ नोव्हेंबर १९९४ला नागपुरात विधानभवनाच्या जवळ मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली, बायका-मुलेच अधिक. दाणी आयोगाने सरकारला दोषमुक्त केले. अहवाल दडपला गेला असे तिथे म्हणता येत नाही, तो आला आणि वाचला गेला. पण इतक्या मृत्यूंना जबाबदार कोणीच नाही, हे उत्तर समाजाने स्वीकारले नाही आणि माझ्या मते त्याने स्वीकारायलाही नको होते. याउलट ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले, तेव्हा गुंडेवार आयोगाने गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर स्पष्ट ठपका ठेवला. २००९मध्ये सत्र न्यायालयाने कदम यांना जन्मठेप दिली; उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित केली. आयोगाच्या अहवालापासून सत्र न्यायालयातील निकालापर्यंत अकरा वर्षे.

अलीकडे सरकारांनी आणखी एक वाट शोधली आहे: १९५२च्या कायद्याखाली आयोग नेमायचाच नाही, समिती नेमायची. समितीचा अहवाल पटलावर ठेवण्याचे बंधन नसते. मुंबई स्फोटांनंतर केंद्राने नेमलेल्या वोहरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साखळीवर ऑक्टोबर १९९३मध्येच अहवाल दिला होता. तो संसदेत आला ऑगस्ट १९९५मध्ये, आणि तोही थोड्या पानांचा, नावांशिवाय. २६/११च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने एप्रिल २००९मध्ये राज्य सरकारला अहवाल दिला. पूर्ण अहवाल सभागृहात आला तो डिसेंबरमध्ये, मजकूर आधी बाहेर फुटल्यावर.

सिंचनाचे प्रकरण याच वाटेचे. दहा वर्षांत सत्तर हजार कोटींच्या आसपास खर्च होऊन सिंचनक्षेत्र ०.१ टक्का वाढले, असे चित्र राज्याच्याच २०११-१२च्या आर्थिक पाहणीतून समोर आले. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी आपल्याच खात्यातील फुगवलेल्या अंदाजपत्रकांबद्दल सरकारला पत्र लिहिले. सप्टेंबर २०१२मध्ये माजी जलसंपदामंत्री अजित पवार यांनी आरोप नाकारत उपमुख्यमंत्रिपद सोडले. नोव्हेंबरमध्ये जलसंपदा विभागाच्या श्वेतपत्रिकेने वाढ ५.१७ टक्के सांगितली; डिसेंबरमध्ये पवार मंत्रिमंडळात परतले. माधवराव चितळे यांच्या समितीला विशेष तपास पथक म्हटले गेले, पण शपथेवर जबाब घेऊन मंत्र्यांची उलटतपासणी करणारा आयोग ती नव्हती. तिने अनेक प्रकल्पांतील अनियमितता नोंदवल्या, रोख मुख्यतः अधिकाऱ्यांकडे राहिला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले. नोव्हेंबर २०१८च्या प्रतिज्ञापत्रात या विभागाने नागपूर खंडपीठाला जे सांगितले, त्याच्या उलट त्याने वर्षभराने सांगितले आणि पवार यांची जबाबदारी नसल्याचे म्हटले. मधल्या काळात सरकारे बदलली होती. पवार दोषी होते की नाही, हा निर्णय न्यायालयाचा. पण एकाच कागदपत्रांवरून एकाच यंत्रणेचे दोन निष्कर्ष निघतात, तेव्हा पांढरे यांच्यासारखा नोकरी पणाला लावून बोलणारा माणूस यापुढे कोणाच्या भरवशावर बोलेल?

‘आदर्श’ इमारतीच्या प्रकरणात या साऱ्या वाटा एकत्र येतात. कुलाब्यातील ही ३१ मजली इमारत. २०१०मध्ये तिच्यामुळे अशोक चव्हाण यांचे मुख्यमंत्रिपद गेले. नगरविकास विभागाच्या फाईलमधून पाने गहाळ झाल्याचे उघड झाले. जून २०१२मध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा पहिला संशय ‘आदर्श’चाच घेतला गेला; मूळ कागदपत्रे आपल्याकडे सुरक्षित आहेत, असे सीबीआयने लगेच सांगितले. पण आग आणि गहाळ पाने यांवर इतके लिहिले गेले की खरी घटना मागे पडली. न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि माजी मुख्य सचिव पी. सुब्रह्मण्यम यांच्या आयोगाने एप्रिल २०१३मध्ये अंतिम अहवाल दिला. गृहनिर्माण संस्थेचे २५ सदस्य अपात्र आणि २२ सदनिका बेनामी असल्याचे त्यात होते, माजी मुख्यमंत्र्यांच्या राजकीय आश्रयाचीही नोंद होती. सहा महिन्यांची मुदत ऑक्टोबरमध्ये संपली. अहवाल आला २० डिसेंबरला, नागपूर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि मंत्रिमंडळाने तो फेटाळल्याचे सांगून. चर्चेला दिवसच उरला नव्हता. पक्षश्रेष्ठींकडून राहुल गांधींनी जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा २ जानेवारीला तोच अहवाल अंशतः स्वीकारला गेला. दोन आठवड्यांत नवा पुरावा काहीच आला नव्हता. चव्हाणांवरील खटल्याला एका राज्यपालांनी मंजुरी नाकारली, पुढच्या राज्यपालांनी २०१६मध्ये ती दिली, आणि २०१७मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

गोव्यातही हाच अनुभव. बेकायदा खाणकामावरील न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२मध्ये संसदेत आला, त्यात ३५ हजार कोटींच्या आसपास नुकसानीचा अंदाज होता, आणि पुढच्याच वर्षी केंद्राने आयोगाला आणखी मुदतवाढ नाकारली. तो आकडा फार मोठा धरला आहे असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो विचारात घ्यायला हवा. पण आक्षेप तपासण्याची जागा चौकशीतच होती. खाणींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर. उलट बाजूला कोरेगाव भीमा येथील हिंसाचाराच्या चौकशीचा आयोग: फेब्रुवारी २०१८मध्ये चार महिन्यांसाठी नेमलेला आणि मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत वर्षानुवर्षे चाललेला. एका आयोगाला वेळ नाकारून आणि दुसऱ्याला तो देत राहून लोकांच्या हाती सारखेच येते.

माहिती अधिकाराचा येथे उपयोग होईल असे वाटते. पण पटलावर न ठेवलेला अहवाल मागितला की विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल, या कलमाचा आधार घेऊन तो नाकारता येतो. म्हणजे सरकारने सभागृहाला अहवाल दिला नाही, याचेच कारण दाखवून तो नागरिकालाही द्यायचा नाही. माझे मागणे म्हणून तीनच गोष्टींपुरते आहे. आयोगाने अहवाल सहीनिशी सुपूर्द केला त्याच दिवशी तो विधिमंडळाच्या सचिवालयातही पोहोचावा आणि सहा महिने पूर्ण होताच, अधिवेशन असो वा नसो, आपोआप प्रसिद्ध व्हावा. कृती अहवालाला सरकारला हवा तेवढा वेळ घेऊ द्यावा. चालू आयोग गुंडाळायचा किंवा त्याचा विषय बदलायचा तर सभागृहात मतदान व्हावे, नुसती अधिसूचना पुरू नये. आणि मंत्रिमंडळातील व्यक्तीवर निष्कर्ष असतील तर ते स्वीकारण्याचा निर्णय त्याच मंत्रिमंडळाने न घेता लोकलेखा समितीसारख्या, विरोधी पक्षाच्या सदस्याकडे अध्यक्षपद असलेल्या समितीने घ्यावा. पहिल्या दोन गोष्टींसाठी १९५२च्या कायद्यात दुरुस्ती करावी लागेल. पण विधिमंडळाच्या कामकाजाचे नियम विधिमंडळच ठरवते, आणि तिसऱ्या गोष्टीची सुरुवात मुंबईत, एखाद्या आमदाराच्या अशासकीय ठरावानेही होऊ शकते.